नॉर्मल म्हणजे मी

२ मे २०२५, शुक्रवार

आजही तेच! मुलाची रेघ सपाट. आईची रेघ माझ्याएवढीच. शेषाद्री सरांनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

मूल कुंभकोणमचं. आठ महिन्यांचा मुलगा, आमच्यातलाच – तंजावूरकर मराठी. जन्मल्यापासून ताप, खोकला, न्यूमोनिया. मान अजून धरत नाही. हॉस्पिटलच्या डॉक्टरांना संशय आहे की त्याच्या पेशींचं कॅल्शियमचं दार उघडतच नाही. जनुकांच्या तपासणीत एक बदल सापडलाय, पण 'याचा अर्थ आत्ता सांगता येत नाही' म्हणे! म्हणून रक्त चेन्नईला, आमच्या अड्यारच्या लॅबमध्ये. मुलाचं दार बंद आणि आईचं अर्धंच उघडं असं दिसलं, तर दोष जन्माचा – आईबापाकडून अर्धा अर्धा आलेला. मग अस्थिमज्जा बदलायची, जीव वाचेल. पण आईचं दार पूर्ण उघडं असेल तर मुलाची रेघ औषधांनी सपाट झाली असेल, तापानं झाली असेल, कशानंही. मग डॉक्टर एवढ्याशा जिवाला एवढ्या मोठ्या उपचारात घालणार नाहीत. बाप मस्कतला नोकरीवर. त्याचं रक्त मिळत नाही. म्हणजे सगळं अलकनंदाच्या, त्या पोराच्या आईच्या, रेघेवर अडलंय.

आणि तिची रेघ मोजायची माझ्या रेघेशी. नॉर्मल म्हणजे मी! दर वेळी एका निरोगी माणसाचं रक्त शेजारी लावावं लागतं, नाहीतर कमी की जास्त हे ठरवणार कशावरून? माझ्या हाताखालचा मंदार सुई दिसली की भिंत धरतो. बाकीच्यांना कामं असतात. माझी शीर चांगली, शिवाय 'दर वेळी माणूस एकच हवा' हा सरांचा हट्ट. तेव्हा गेलं वर्षभर लॅबमधल्या प्रत्येकाच्या आलेखात काळी रेघ माझी. खाली लिहिलेलं असतं 'निरोगी'. घरी मला हा मान कोणी दिलेला नाही.

३ मे

सकाळी वेंकटनं विचारलं, "तू नेमकं काय करतेस गं?" लग्नाला सात वर्षं झाली, त्याआधी जन्मभर आत्याचा मुलगा म्हणून ओळखीचा – आणि प्रश्न आज! बरं, सांगितलं.

पेशीला कॅल्शियम सगळ्याला लागतं. स्नायू आवळायला, रोगाशी झुंजायला, घाम गाळायलासुद्धा. पेशीच्या आत त्याचा एक साठा असतो. त्या साठ्याच्या भिंतीत पहारेकरी असतात. साठा भरलेला आहे तोवर कॅल्शियम त्यांना चिकटून असतं आणि ते गप्प. साठा ओसरला की ते सुटतं. मग पहारेकरी एकमेकांना धरतात, सरकत सरकत पेशीच्या बाहेरच्या भिंतीपाशी पोचतात आणि तिथलं दार उघडतात. बाहेरचं कॅल्शियम आत येतं, साठा भरतो, दार मिटतं. आपल्या बिल्डिंगमध्ये वॉचमन हरिप्रसाद करतो तेच – गच्चीवरची टाकी रिकामी झाली की खाली धावत येऊन मोटर लावतो.

"आणि हरिप्रसाद झोपला तर?" वेंकट म्हणाला.

"तर कुंभकोणमचं बाळ," मी म्हटलं. तो हसला नाही. डबा उचलून शोळिंगनल्लूरची बस पकडायला गेला.

आम्ही लॅबमध्ये मुद्दाम टाकी रिकामी करतो. पेशींना कॅल्शियम नसलेल्या पाण्यात ठेवायचं, औषध घालून साठा गळू द्यायचा आणि मग बाहेरून कॅल्शियम घालायचं. तेही थोडंसंच, कारण भरपूर घातलं तर अर्ध्या दारातूनही पुरेसं आत शिरतं आणि फरक लपतो. पेशींत आधी रंग भरलेला असतो. कॅल्शियम आत आलं की चमक बदलते, स्क्रीनवर रेघ चढते. निरोगी माणसाची रेघ उभी चढली पाहिजे. माझी चढते. चढते असंच सगळे म्हणतात.

४ मे, रविवार

कत्तिरी सुरू झाली, उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक दिवस! पंखासुद्धा गरम वारा फेकतोय. तिरुवल्लिकेणीच्या या गल्लीत समुद्र एवढा जवळ आणि वारा म्हणून नाही.

वेंकटनं दुपारी कपाट आवरायला काढलं. शरण्याचं कपाट. तिच्या झबल्यांच्या मागून घामोळ्यांच्या पावडरचा डबा निघाला – वरच्या मजल्यावरच्या मामींनी बारशाला दिलेला. भरलेला आहे तसा. कधी लागलाच नाही. मी हातात घेऊन उभी राहिले. आत्या दारातून म्हणाल्या, "ठेव तो तिथंच. ज्यांस लेकरूं सांभाळतां आलं नाही त्यांनी डबे कशास सांभाळावे?"

दोन वर्षं हेच. शरण्या सात महिन्यांची होऊन गेली. न्यूमोनिया. चार महिन्यांची असताना मी लॅबमध्ये परत रुजू झाले, म्हणून मी मारली! "लेकरूं टाकूनु गेलीस. तिथली घाण अंगावर घेऊनु आलीस." कनका आत्या माझ्या वडिलांची सख्खी बहीण. लहानपणी माझ्या वेण्या घालायच्या. सासू झाल्या आणि तोंडात कडुलिंब आला. लग्न त्यांनीच ठरवलं होतं – "रक्त घरांतच राहूंदे, बाहेरचं कोण जाणे कसलं असतं!"

मी उलट बोलत नाही. काय बोलणार? हात धुतले होते, कपडे बदलले होते, पेशींशिवाय कशाला हात लावत नव्हते. तरी मलाच खात्री नाही. हे मी फक्त इथं लिहू शकते. पुण्यात पाच वर्षं शिकले त्याचा एवढा एकच फायदा – या घरात देवनागरी झरझर वाचणारं दुसरं कोणी नाही. पुण्यात माझ्या घरच्या मराठीला हसायचे, घरी माझ्या पुणेरी मराठीला हसतात. धोबी का कुत्ता!

६ मे

अलकनंदा आज स्वतः रक्त द्यायला आली. पंचविशीची असेल. गळ्यात मंगळसूत्र, खांद्यावर दुधाच्या बाटल्यांची पिशवी. मी तंजावूरकर आहे कळल्यावर तिला रडूच आलं. दवाखान्यात महिनाभर मराठी बोललीच नव्हती.

"अक्का, मज खरं सांगा. माझ्याच अंगातून गेलं कां त्यास हें?"

मी म्हटलं, "तेच बघतोय."

तिचं लग्न सख्ख्या मामाशी. सासू म्हणजे तिची आजीच. आमच्यात नवल नाही – कनका आत्यांचंसुद्धा लग्न त्यांच्या मामाशीच झालं होतं. तेवढीशी घरं, फिरून फिरून तीच. मी नेहमीचे प्रश्न विचारत गेले. दूध ओढतो का? ओढतो, पण दमतो. दात? अजून नाहीत. घाम येतो का?

"नाही अक्का! आजी म्हणते, देवाचं लेकरूं! ना मळ, ना घाम."

मी कागदावर लिहिलं – अ‍ॅनहायड्रोसिस. पुढचा प्रश्न विचारला.

रेघ आजही तशीच. मुलाची सपाट, तिची माझ्याबरोबर. सर म्हणाले, "विद्या, तीन वेळा झालं. आई वाहक असेल तर निम्मी आली पाहिजे. नसेल तर आपण आत्तापर्यंत काय बघतोय?" म्हटलं, जे दिसतंय ते दाखवतेय. म्हणाले, "दिसतंय ते की तू करतेस ते?"

बारा वर्षं या हातांनी त्यांचे पेपर छापले!

९ मे

सरांनी काढलं मला या तपासणीतून. शब्द गोड – "तू थकलीयस. मे महिना तुला जड जातो, मला कल्पना आहे. पुढचं मंदार करेल." मे महिना! माझं लेकरू यांनी कॅलेंडरात घालून ठेवलंय, कामावरून काढायच्या वेळी उघडायला.

मंदार सोलापूरचा. दोन वर्षांपूर्वी आला तेव्हा पिपेट कसं धरायचं ते मी शिकवलं. आता तो माझं काम तपासणार! मान खाली घालून म्हणाला, "विद्याताई, मी मागितलं नव्हतं हो." मागितलं नव्हतं, पण नको असंही म्हणाला नाहीस की बाळा. शेंगाचटणीचा डबा पुढे केला. मी घेतला नाही. आता रात्री जेवताना आठवतेय ती चटणी.

१० मे

काही नाही. फ्रीज साफ केला लॅबमधला.

१२ मे

रजा घेतली. लहान लेकरांचं श्राद्ध नसतं, तिथी नसते, पान मांडायचं नसतं. तारीख फक्त मला ठाऊक आणि वेंकटला. तो सकाळी निघताना दारात जरा जास्त वेळ चप्पल शोधत राहिला.

आत्यांना तारीख ठाऊक नसेल असं मला वाटायचं. पण संध्याकाळी देवापुढे त्यांनी तीन पणत्या लावल्या. रोज एक असते. गेल्या वर्षीही तीनच होत्या, आता आठवलं. एका लेकरासाठी तीन पणत्या! शेजारणींना दिसायला हवं ना – आजीचं काळीज केवढं ते. वरून मला ऐकवलं, "आज तरी लॅबात गेली नाहीस. उपकार."

मला इतका राग आला की पणत्या फुंकून टाकाव्याशा वाटल्या. टाकल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला.

१३ मे

ठीक! आता हेही बघायचं होतं.

काल मी नव्हते म्हणून नॉर्मल माणूसच नव्हता. शेवटी मंदारनं स्वतःचं रक्त दिलं. चक्कर येऊन दवाखान्याच्या बाकावर आडवा झाला म्हणे, नर्सनं तोंडावर पाणी मारलं. पण रेघ काढली. त्याची रेघ उभी, अलकनंदाची बरोबर निम्मी, मुलाची सपाट. पुस्तकात छापावी अशी! सरांनी सगळ्यांना स्क्रीनपाशी बोलावलं. "हे असं दिसलं पाहिजे." मग माझ्याकडे न बघता, "हातांचा प्रश्न होता."

हॉस्पिटलला कळवलं. अस्थिमज्जेची तयारी सुरू होणार. त्यानं घाम येणार नाही, स्नायूंना बळ येणार नाही, पण रोगाशी झुंजेल पोरगं. वाचेल. अलकनंदाचा फोन आला, हुंदके देत होती – "माझंच अर्धं गेलं ना अक्का त्यास?" मी म्हटलं, अर्धं तुझं, अर्धं तुझ्या नवऱ्याचं, आणि दोघांचाही दोष नाही. फोन ठेवल्यावर वाटलं, किती सहज म्हणाले मी! मला कोण म्हणणार?

पोर वाचतंय. मला आनंद व्हायला हवा. होतो आहे. पण त्यापायी लॅबमध्ये माझी राख झाली तेही खरं.

१४ मे

मंदारच्या रेघेत माझ्या दोन मावतात. हात! हात म्हणे!

१५ मे

दिवसभर एकच विचार. हात वाईट असते तर माझी एकटीचीच रेघ कशी पडली असती? अलकनंदाच्या पेशीही मीच हाताळल्या होत्या. तिची रेघ मी काढली तेव्हा जेवढी होती, मंदारनं काढली तेव्हाही तेवढीच आहे. आकडे लावून पाहिले. मुलाचीही तशीच. म्हणजे माझे हात ठीक आहेत. मग काय ठीक नाही?

आत्यांनी विचारलं, जेवलीस कां नाहीस. म्हटलं भूक नाही. "भूक कशी लागेल, मन थाऱ्यावर असेल तर ना," असं म्हणत ताट झाकून ठेवलं. ताटात ताकातलं भरीत होतं, मला आवडतं ते.

१६ मे, शुक्रवार

मंदारला म्हटलं, तुझं रक्त आणि माझं. दोन्ही तूच कर. मी पिपेटला हात लावत नाही. तो म्हणाला, "ताई, कशाला? सर आधीच..." म्हटलं, सर गेले दिल्लीला. आणि तुला पडायचं असेल तर या वेळी बाक मी धरते. बिचारा हसला, पांढराफटक झाला, पण हात पुढे केला.

मी मागे स्टुलावर बसून होते. साठा गळेपर्यंतचा वेळ मला नेहमी आवडतो. काहीच दिसत नाही स्क्रीनवर, आणि आत पहारेकरी गोळा होत असतात. मग त्यानं कॅल्शियम घातलं. त्याची रेघ वर गेली. माझी निघाली, चढली आणि मध्येच टेकली.

मंदार घाईघाईनं म्हणाला, "काहीतरी चुकलं असेल ताई, पेशी थकल्या असतील, सोमवारी परत करू." मी म्हटलं, अलकनंदाची रेघ उघड. उघडली. माझ्या रेघेवर ठेव. ठेवली.

एकच रेघ दिसत होती.

म्हणजे वर्षभर सगळ्यांनी ज्याला नॉर्मल म्हटलं ते अर्धं दार होतं! आमच्या या हुशार लॅबमध्ये कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही – पगारपत्रकावर नाव आहे, पायांनी चालत येते, म्हणजे निरोगी! आईची रेघ निम्मीच येत होती. मोजपट्टीच निम्मी होती. सरांचे दोन आलेख छपाईला गेलेत, तेही आता परत मागवावे लागतील. एरवी मला याचं हसू आलं असतं.

मंदार पुढे काहीतरी बोलत होता. "वाहकाला काही त्रास नसतो ताई, तुम्ही ठणठणीत आहात, फक्त मूल जर..." त्याला ठाऊक आहे माझं लग्न कोणाशी झालंय ते.

मी पर्स उचलून घरी आले.

१७ मे

शरण्याला कधी घाम आला नाही.

ऑक्टोबरात जन्मली, पण मार्च-एप्रिल तिनं चेन्नईत काढले. सगळ्या घराच्या अंगाला कपडे चिकटायचे आणि ती कोरडी. हात फिरवला की गरम, कोरडं, मऊ कातडं. वरच्या मामींच्या नातवाचं अंग घामोळ्यांनी लालबुंद, आमची मात्र स्वच्छ. आत्या येईल-जाईल त्याला सांगायच्या, "आमचं पाप्पा, आमचं बाळ बघा! पुण्यवान! घाम म्हणूनु नाही." दृष्ट काढायच्या रोज. म्हणून तो डबा भरलेला राहिला. मान उशिरा धरली, धड धरलीच नाही. आत्या म्हणायच्या, वेंकटही आळशीच होता. दूध पिताना दमायची. मी म्हणायचे, माझी पोर सावकाश जेवणारी आहे.

अलकनंदानं सांगितलं तेव्हा मी कागदावर इंग्रजी शब्द लिहिला आणि पुढे गेले. इंग्रजीत तो रोग आहे. आमच्या घरात त्याचं नाव भाग्य होतं. दोन्ही शब्द मला येत होते आणि ते एकमेकांना भेटले नाहीत.

आणि मी कशावर काम करत होते तेव्हा? याच दारावर! थाळीतल्या पेशींची दारं उघडत-मिटत बसले होते सकाळ-संध्याकाळ, आणि घरी पाळण्यात... नको.

पण अजून पक्कं नाही. मी अर्धी, एवढंच कळलंय. माझ्या अर्ध्यानं एकटीनं काही होत नाही. दुसरं अर्धं लागतं.

१९ मे

वेंकटला सांगितलं, मरीनाच्या वाळूत, लोकांच्या गर्दीत. घरात सांगता आलं नसतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. भाजलेल्या कणसाला हात लावला नाही. मग विचारलं, "मी दिलं नसेल तर?"

"तर मला काहीच कळलेलं नाही. ती कशानं गेली ते पुन्हा ठाऊक नाही."

"आणि दिलं असेल तर?"

"तर मी नाही मारली."

एवढं तोंडातून निघालं आणि मी रडायला लागले. दोन वर्षांत त्याच्यासमोर पहिल्यांदा. तो म्हणाला, "मी कधी म्हटलं का तू मारलीस?" नाही म्हटलं. पण आईला कधी गप्पही बसवलं नाही. तेही सांगितलं त्याला. "पोदुम, विद्या, पुरे," म्हणाला आणि माझा हात धरून बसला.

२० मे

वेंकट सकाळी माझ्याबरोबर लॅबमध्ये आला. नर्सनं रक्त काढलं. मंदारनं परत स्वतःचंही दिलं आणि त्याच्या त्या भल्या हातांनी सगळं केलं. या वेळी पडला नाही.

वेंकटची रेघ निम्मी.

तिघांच्या एकावर एक – अलकनंदा, मी, तो. तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे पाप्पाची..." मी बोटानं स्क्रीनच्या तळाशी सपाट रेघ दाखवली, कुंभकोणमच्या मुलाची. तिच्या रक्ताचा थेंब कुठं उरलेला नाही, त्यामुळे तिची स्वतःची रेघ कोणी काढू शकणार नाही. पण घाम, मान, न्यूमोनिया, आणि वर हे दोघांचं अर्धं अर्धं. मला आता कोणाच्या सहीची गरज नाही.

परतीच्या बसमध्ये वेंकट म्हणाला, "अम्माला सांगू नको. तिनं ठरवलेलं लग्न. ती मोडून जाईल." मोडू दे! दोन वर्षं मी मोडत होते तेव्हा कोणी सांभाळून घेतलं? लॅबची घाण म्हणे. घाण नव्हती, तुमचं घरातलं रक्त होतं! जे बाहेर जाऊ नये म्हणून जपलंत, तेच. हे वाक्य मी बसमध्ये बसून घासूनपुसून ठेवलंय. त्यांच्याच बोलीत म्हणणार, म्हणजे नीट लागेल.

उद्या. वेंकट कामाला गेला की.

२१ मे

बोलायच्या आधी तो पावडरचा डबा आणून आत्यांपुढे ठेवला. म्हटलं, "आत्या, शरण्यास घाम कां येत नव्हता, ठाऊक आहे?"

त्यांनी डबा उचलला नाही. पदरानं त्याचं झाकण पुसलं, कितीतरी वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "वेंकटाच्या आधी दोघं होते. कोणास सांगत नाही मी. त्यांसही घाम नव्हता. पुण्यवान म्हणायचे सगळे. गेले तेव्हां सासू म्हणाली, तूच मारलीस – वरचं दूध पाजलंस म्हणूनु."

घासूनपुसून ठेवलेलं ते वाक्य गिळलं. त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि हळूहळू सगळं सांगितलं – साठा, पहारेकरी, दार. त्यांना किती कळलं ठाऊक नाही. शेवटी त्यांनी बांगड्या मागे सारून हात माझ्यापुढे केला. "माझंही बघ. मी नाही मारले असं मजही कोणी सांगूंदे."

पणत्या बरोबर होत्या. तीनच.